केसपेपरवर न उतरलेली साक्ष

डॉक्टर रोग्याला पहिला प्रश्न विचारतो : काय होतंय? रोग्याने सांगायचे, डॉक्टरने ऐकायचे आणि ते केसपेपरवर उतरायचे. पण सांगणाऱ्याचा शब्दच ज्या समाजात खरा धरला जात नाही, तिथे या प्रश्नाला अर्थ काय उरतो? अमेरिकेतील काळ्या रोग्यांच्या अनुभवांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचून जीव कळवळतो. परंतु कळवळा हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. सवर्ण लेखकाच्या कळवळ्यातून आलेला दलित आणि स्वतःच्या तोंडाने बोलणारा दलित यांतला फरक आपण ओळखतो. तोच निकष इथे लावावयास हवा. या लेखनात काळा रोगी साक्षीदार म्हणून उभा राहतो, की नुसता देह म्हणून?

आधी देहाची गोष्ट. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी परिसरात सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर एक 'अभ्यास' सुरू केला. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा त्यावरचा खात्रीचा इलाज ठरला, तरी तो त्यांना दिला नाही. मेल्यावर शवविच्छेदन करता यावे म्हणून दफनाच्या खर्चाची सोय मात्र केली! हे चोरून चालले नव्हते. त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते. त्या लेखांत माणसे नव्हती, आकडे होते. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी या प्रकरणाला वाचा फोडली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. जिच्यावरून हे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथर संघटनेने गरीब वस्त्यांतून मोफत दवाखाने काढले होते आणि सिकलसेलच्या तपासण्या हाती घेतल्या होत्या. तिच्या दवाखान्यांपेक्षा तिच्या बंदुकाच आपल्या अधिक लक्षात राहिल्या.

रिबेका स्क्लूट यांचे 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स' हे पुस्तक २०१० साली आले आणि गाजले. हेन्रिएटा ही पाच मुलांची काळी आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात, काळ्यांसाठी राखलेल्या वॉर्डात, तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार झाले. तिला न विचारता तिच्या गाठीतील पेशी काढल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हीला' या नावाने जगभर पोहोचल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीतही त्या वापरल्या गेल्या. ती मात्र त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या कुटुंबाला वीसेक वर्षे याची गंधवार्ता नव्हती.

स्क्लूट यांची मेहनत नाकारण्याचे कारण नाही. त्या स्वतः गोऱ्या आहेत, हे त्या लपवीत नाहीत. हेन्रिएटाची मुलगी डेबोरा हिचा संशय, तिचा राग आणि आई कशी होती हे जाणून घेण्याची तिची ओढ त्यांनी जिवंत उभी केली आहे. पण या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे पान पेशींच्या पराक्रमाचे नाही. उपचारांनंतर हेन्रिएटा डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगते की रोग अंगात पसरतो आहे. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही म्हणून तिला घरी पाठवतात. काही आठवड्यांत पोटात गाठ सापडते. तोवर शस्त्रक्रियेची वेळ गेलेली असते. त्या काळी तिचे ऐकूनही ती वाचली असती की नाही, हा वेगळा प्रश्न. तिच्या पेशींवर विज्ञानाने विश्वास ठेवला, तिच्या शब्दावर ठेवला नाही, हा मूळ प्रश्न. पुस्तक या प्रश्नाला स्पर्श करते आणि पुन्हा पेशींच्या नवलाकडे वळते. तिथे ते उणे पडते.

याउलट ऑड्री लॉर्ड या काळ्या कवयित्रीचे 'द कॅन्सर जर्नल्स' हे १९८० सालचे छोटे पुस्तक पाहावे. १९७८ साली कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. पुढे त्या कृत्रिम स्तन न लावता डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा परिचारिकेने त्यांना टोकले. असे आल्याने दवाखान्यातल्या इतरांचे मनोधैर्य खचते, असे तिचे म्हणणे. लॉर्ड यांनी नकार दिला. आपला देह जसा आहे तसा दिसला पाहिजे, नाहीतर आपल्यासारख्या बाया एकमेकींना ओळखणार कशा, हा त्यांचा सवाल आहे. इथे रोगी स्वतःच केसपेपर लिहिते आहे. म्हणून या पुस्तकात दुःख आहे, पण कीव नाही.

कोणी म्हणेल, हा रंगाचा नव्हे, गरिबीचा प्रश्न आहे. मग सेरेना विल्यम्स यांचे काय? ही जगज्जेती, धनवान टेनिसपटू. २०१७ साली बाळंतपणानंतर त्यांना श्वास लागला. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास त्यांना पूर्वी झाला होता. कोणती तपासणी आणि कोणते औषध हवे, हे त्यांनी स्वतः सांगितले. परिचारिकेला वाटले, वेदनाशामक औषधाने बाई बरळते आहे. त्यांनी हट्ट धरला, अखेर स्कॅन झाला आणि गुठळ्या निघाल्या. पैसा त्यांना चांगल्या इस्पितळात नेऊ शकला. पहिल्याच शब्दाला विश्वास मिळवून देऊ शकला नाही. यंत्रही या दोषातून सुटलेले नाही. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र काळ्या रोग्यांतील प्राणवायूची धोकादायक घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिपटीने अधिक वेळा चुकवते, असे २०२० साली मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. रोगी म्हणतो जीव गुदमरतो आहे. यंत्र म्हणते सर्व ठीक आहे. विश्वास कोणावर बसणार?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आहे. १९२९ साली त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. विनवण्या झाल्या, दोन रुपये फी ठरली, मग रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि तो तसाच परत गेला. बाई वाचली नाही. तिथे डॉक्टरने स्पर्श नाकारला. अमेरिकेत देहाला हात लावला, त्यातून हवे ते काढूनही घेतले, पण शब्द नाकारला. रीत निराळी, मुळाशी नकार एकच : समोरचा पुरता माणूस आहे, हे मान्य नाही.

त्या हकिकतीत नवरा बोलतो, बाबासाहेब बोलतात. ती बाई बोलत नाही. बाजेवर पडून तिने काय सांगितले असेल, ते कोणत्याही कागदावर नाही. आपल्या स्वकथनांनी भूक लिहिली, शाळा लिहिली, पाणवठा लिहिला. आता सरकारी दवाखान्याची रांग, बाळंतिणीचा वॉर्ड आणि आडनाव ऐकल्यावर बदलणारा आवाज हेही आपण आपल्या हाताने लिहिले पाहिजे. दुसरा कोणी लिहील, तेव्हा त्यात आपला देह असेल. आपली साक्ष असेलच असे नाही.