दर्या आणि दऱ्या

डहाणूच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला डोंगर, दऱ्या. दोन शब्दांत फरक फक्त रकाराचा: एकात डोक्यावरचा रफार, दुसऱ्यात शेजारचा अर्धा र. हा अर्धा र मराठीला हवाच.

युनिकोडनं तो सामावून घेतला, हे श्रेय आपण देऊच. पण लिहायच्या वाटा दोन ठेवल्या. एक, 'ऱ'ला हलन्त जोडायचा; ही १९९१च्या इस्की मानकातली. दुसरी, साध्या 'र'ला हलन्त आणि पुढं एक अदृश्य जोडचिन्ह. ही युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून राखलेली. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र वेगळे. युनिकोडचे एकरूपीकरणाचे नियमही त्यांना एक करत नाहीत.

आमचा आक्षेप इथंच आहे. तलासरीतल्या माणसानं 'सातबाऱ्यावर' हा शब्द एका रीतीनं शोधला आणि मजकूर दुसऱ्या रीतीनं टंकलेला असला, तर साधा शोध 'नाही' म्हणतो. कागदावरच्या अशा 'नाही'ची किंमत, १९४५चा वारल्यांचा उठाव पाहिलेल्या या मुलखाला आम्ही काय सांगावी? मानक आता बदलायचं नाही. शोधाआधी दोन्ही रूपं एक करून घ्या, एवढंच मागणं आहे.