पायरीच्या अलीकडची पंढरी

पंढरपूरवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. टाळमृदंग, रिंगण, चंद्रभागेचे स्नान, कळसाचे दर्शन आणि परतीची हुरहूर. पालखीचे मुक्काम जसे ठरलेले, तसे या लेखनाचेही मुक्काम ठरलेले आहेत. त्यातला शेवटचा मुक्काम 'समता' हा होय. पंढरीच्या वाळवंटात जातपात उरत नाही, हे विधान परिसंवादांत ऐकू येते, आषाढीच्या अग्रलेखांत वाचावयास मिळते. मी मराठीचा अध्यापक आहे. बी.ए.च्या वर्गाला संतसाहित्य शिकवताना हेच विधान मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग चोखोबाची समाधी बाहेर का?"

उत्तर माझ्याजवळ नव्हते असे नाही. ते माझ्या घरातच होते. ते वर्गात आणण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते, एवढेच.

माझी आजी नव्वदीला टेकली आहे. १९४७ च्या आधी, दहा-अकरा वर्षांची असताना, ती बापाचे बोट धरून आषाढीला पायी गेली होती. पण 'पंढरपूरला गेलो' असे तिच्या बोलण्यात कधीच येत नाही. ती म्हणते, "आमी चोखोबाला जायचो." चोखोबा हे निराळे गाव असावे, असे मला लहानपणी वाटे. महाद्वारापाशी नामदेवाची पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी. माझ्या पणजोबाची वारी तेथे संपे. डोके टेकायचे, बुक्का लावायचा, कळसाला हात जोडायचे आणि मागे फिरायचे. "आत काय हाय ते आत गेलेल्यालाच ठावं," एवढेच ती सांगते. तक्रारीचा सूर नाही. धर्मांतरानंतर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा पहिले टोपले तिनेच उचलले होते.

गेल्या आषाढीला मी पंढरपूरला गेलो. धर्मांतरानंतर आमच्या घरातले कोणी तेथे गेले नव्हते. "तुझं तिकडं काय काम?" म्हणून वडील रागावले. त्यांचा राग मला मान्य आहे. पण जे आपण वर्गात शिकवतो, ते एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मला वाटले.

पायरी आणि समाधी यांतले अंतर थोड्या पावलांचे आहे. गर्दीत ते लक्षातही येत नाही. नामदेव शिंपी, तोही दाराबाहेरच. परंतु भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून त्याने ती जागा मागून घेतली, अशी परंपरा सांगते. चोख्याने काही मागितले नव्हते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तो तिच्याखाली गाडला गेला. परंपरा हे साल १३३८ देते. ज्या गावकुसाच्या आत त्याला घर बांधता येत नव्हते, तेच गावकूस बांधताना तो मेला! पुढे नामदेवाने ढिगाऱ्यातून त्याची हाडे शोधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची, अशी कथा आहे. कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावले आहेत. परंतु हाडांनासुद्धा दाराच्या आत जागा मिळाली नाही, याचा उच्चार त्या कथेत होत नाही.

येथे आमच्या समीक्षेकडे वळले पाहिजे. चोखामेळ्याच्या अभंगांतील आर्तता ही आमच्या समीक्षेची आवडती संज्ञा. ज्ञानेश्वरांची विरहिणी, तुकारामांची तळमळ, चोखोबाची आर्तता, असे सगळे एका माळेत ओवले की काम संपते. पण ही एक माळ नव्हे. इतर संतांच्या अभंगांत देव आणि भक्त यांच्यातले अंतर आध्यात्मिक आहे. चोख्याच्या अभंगांत ते मोजता येते. त्याचे दार हे रूपक नाही. ते लाकडाचे दार आहे, त्याला रखवालदार आहेत, आणि ते त्याच्यासाठी बंद आहे. त्याला रूपक ठरवणारा समीक्षक स्वतः आत उभा असतो.

चोख्याने पूर्वकर्माचा हवाला दिला, 'जोहार' घातला, म्हणून आमच्या विद्रोही पिढीला तो परका वाटला. हा आक्षेप खोटा नाही. पण त्याच्याच घरातली सोयराबाई विटाळाचा प्रश्न देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेऊन भिडवते, आणि मुलगा कर्ममेळा असा जन्म का दिलास म्हणून देवाला सरळ जाब विचारतो. एकाच झोपडीत जोहार आणि जाब शेजारी शेजारी नांदत होते. मी मात्र वर्षानुवर्षे जोहारच शिकवला.

वारीवरच्या गद्य लेखनात मी इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख मोलाचा मानतो. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले आणि लपवले नाही. दि. बा. मोकाशींचे 'पालखी' (१९६४) हेही प्रांजळ पुस्तक आहे. परंतु पंढरीला जाणाऱ्यांचा तो महाराष्ट्र, अशी व्याख्या कर्वेबाई करतात, तेव्हा मला विचारावेसे वाटते की चोखोबापाशी थांबलेला माझा पणजोबा या महाराष्ट्रात नक्की कोठवर येतो? समता वाटेवर मोजली गेली. ती दाराशी मोजावयास हवी होती.

दाराचा इतिहास थोडक्यात असा. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा मंदिर उघडले. गुरुजींविषयी मला आदर आहे. पण समतेच्या या पेठेत दार उघडण्यासाठी एका ब्राह्मण साधुपुरुषाला प्राण पणाला लावावे लागले, याला समतेचा विजय म्हणावयाचे की समतेच्या दाव्याचा पंचनामा? दार उघडण्यापूर्वी मूर्तीतले देवत्व घागरीत काढून ठेवले होते, असेही सांगतात. पुढे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ साली झाला, आणि न्यायालयातील शेवटचा निकाल लागला २०१४ साली! घाई कोणालाच नव्हती.

बाबासाहेबांची भूमिका आपल्याकडे एका वाक्यात उरकली जाते. ती अधिक गुंतागुंतीची आहे. रमाईंना पंढरपूरला जायचे होते. जी पंढरी भक्ताला दूर उभे करते ती कशाला हवी, आपण आपल्या वागण्याने दुसरी पंढरी निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. रमाई १९३५ साली गेल्या. पण अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांनाच अर्पण केला. गाव नाकारले, माणूस नाकारला नाही. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना विठोबाची मूर्ती मूळची बुद्धाची आहे, हे आपण सिद्ध करू असेही ते म्हणाले. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या देवाची मुळे गवळी-धनगरांत शोधली. हा वाद महत्त्वाचा आहे, पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याने सुटत नाही. मूर्ती कोणाचीही असो, दाराची किल्ली कोणाकडे होती?

पंढरपुरात आणखी एक वास्तू आहे, जिचा उल्लेख यात्रावर्णनांत क्वचितच येतो. ती म्हणजे गाडगेबाबांनी अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा. वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, यातच सगळे आले. बाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. टेकायला पायरी नव्हती त्यांच्या पोरांना शाळेची पायरी मिळावी, हा त्यामागचा हिशेब. 'दुसरी पंढरी' हे शब्द मला तेथे आठवले.

मी द्वादशीनंतरही मुद्दाम राहिलो. वारीचे साहित्य बहुधा कळसापाशी संपते. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात नसते. लाखो माणसे येऊन गेल्यावर त्या गावाचे काय होते आणि ते कोण साफ करते? पंढरपुरात माणसाने हाताने मैला उचलण्याचा प्रश्न जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर बंधने आली. कायदे १९९३ आणि २०१३ चे. आता शौचालये वाढली आहेत, वारकऱ्यांसाठी पासष्ट एकरांचा तळ आहे. सुधारणा झाली, हे कबूल केले पाहिजे. पण त्या सकाळी झाडू आणि ब्लीचिंग पावडरची पोती घेऊन आलेल्यांत एकाशी मी बोलू लागलो, तेव्हा त्याने प्रथम माझे आडनाव विचारले. ते ऐकल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. दर्शन घेतले काय, असे मी विचारले. म्हणाला, "बारी लांब हाय सर. हितं हजेरी चुकली की रोज गेला." याच वाळवंटात जातपात उरत नाही म्हणे!

मी स्वतः मुखदर्शनाच्या रांगेतून आत गेलो. घरी आल्यावर आजीने विचारलेच, "काय हाय रं आत?" मी म्हणालो, काळा दगड, फुले, आणि 'चला पुढे' म्हणून ओरडणारा माणूस. तिने मान हलवली. तिला नवल वाटलेले दिसले नाही.

यंदाच्या अंतर्गत परीक्षेत 'चोखामेळ्याच्या अभंगांतील आर्तता स्पष्ट करा' हा जुना प्रश्न मी काढून टाकला. त्याऐवजी विचारले, 'चोखामेळा कोठे उभा राहून बोलतो? सोयराबाई व कर्ममेळा यांच्या आधारे लिहा.' विभागातून नमुना उत्तराची मागणी झाली आहे. ते मी अजून लिहून दिलेले नाही.