मेंढपाळांची साक्ष : ख्रिस्तजन्मविषयक प्रवचनांचे एक चिकित्सक मूल्यमापन

प्रास्ताविक

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळांचा प्रसंग (वचने ८ ते २०) नाताळच्या प्रवचनांत शतकानुशतके निरूपिला गेला आहे. रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत ख्रिस्तजन्माची वार्ता देतो. ते बेथलेहेमला जातात, गव्हाणीतील बालक पाहतात, आपल्याला सांगितले गेलेले इतरांना सांगतात आणि परत फिरतात. श्रद्धा इतरांपर्यंत कशी पोहोचवावी, या प्रश्नाचे उत्तर अनेक प्रवचनकार याच प्रसंगात शोधतात. प्रवचन हा उपदेशपर वाङ्मयप्रकार असला, तरी केवळ वक्तृत्वावरून त्याचे मूल्य ठरत नाही. ज्या संहितेवर ते उभे आहे तिच्याशी ते किती प्रामाणिक राहते, हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात या कसोटीवर तीन प्रमुख प्रवृत्तींचा विचार केला आहे.

१. रूपकात्मक निरूपण

चौथ्या शतकातील मिलानचे धर्माध्यक्ष अँब्रोज यांनी या प्रसंगाचा रूपकात्मक अर्थ लावला. त्यांच्या मते कळप म्हणजे लोकसमुदाय, रात्र म्हणजे हे जग आणि मेंढपाळ म्हणजे धर्मगुरू होत. पोप ग्रेगरी (कार्यकाळ ५९०-६०४) यांच्या नाताळच्या प्रवचनातही हीच दिशा दिसते. मराठी श्रोत्याला हे रूपक परके वाटत नाही, कारण मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मसेवकाला 'पाळक' म्हणतात आणि 'मेंढपाळ' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे.

मात्र या निरूपणात एक धोका संभवतो. मेंढपाळ म्हणजे केवळ धर्मगुरू असे ठरले की श्रद्धेची वार्ता सांगणे हा एका वर्गाचा अधिकार बनतो आणि उरलेले सारे फक्त श्रोते राहतात. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील भिक्षू बीड यांनी ही मर्यादा ओलांडली. आपल्या घरातील लहानांची काळजी वाहणारा प्रत्येक श्रद्धावंत हाही मेंढपाळच, असे त्यांनी प्रतिपादिले. रूपक न मोडता त्याची कक्षा रुंदावणारे हे निरूपण म्हणूनच अधिक मोलाचे ठरते.

२. भाषांतर आणि साक्ष

सतराव्या वचनातील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'कळविले' असा आहे. जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तेथे 'जाणले' या अर्थाचे क्रियापद आले. परिणामी लॅटिन वाचणाऱ्या प्रवचनकारांसमोर या वचनातील मेंढपाळ सांगणारे न राहता उमजणारे झाले. त्यांच्या सांगण्याचा उल्लेख पुढच्या वचनात असला, तरी भर आकलनावर पडला. मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतरात, ग्रीक संहितेच्या आधारे, मेंढपाळ वार्ता पसरविताना दिसतात. श्रद्धाप्रसाराचा आदर्श म्हणून आज हे वचन उद्धृत केले जाते, त्यामागे भाषांतराचा हा इतिहास आहे.

ल्यूथर यांच्या नाताळ-प्रवचनांतील महत्त्वाचा मुद्दा मात्र विसाव्या वचनाशी निगडित आहे. मेंढपाळ मठात गेले नाहीत, त्यांनी मुंडन केले नाही. ते आपल्या कळपाकडे परतले, याकडे ते लक्ष वेधतात. संन्यस्त जीवनावरील टीकेची धार त्यात आहे. तरीही उघड साक्ष आणि नित्याचा व्यवसाय परस्परविरोधी नाहीत, हे प्रतिपादन संहितेशी सुसंगतच आहे.

३. 'तिरस्कृत मेंढपाळ' : एक रूढ गृहीतक

आधुनिक प्रवचनांत वारंवार ऐकू येणारे विधान असे, की मेंढपाळ ज्यू समाजात तिरस्कृत होते, न्यायालयात त्यांची साक्ष ग्राह्य नव्हती आणि म्हणूनच देवाने त्यांना पहिले साक्षीदार निवडले. योआखिम येरेमियास यांच्यासारख्या विसाव्या शतकातील अभ्यासकांच्या विवेचनाने या मताला प्रतिष्ठा लाभली. त्याचा प्रमुख आधार रब्बींच्या वाङ्मयात, विशेषतः बाबिलोनी तालमूदच्या 'सान्हेद्रिन' या ग्रंथात आहे. पण त्या वाङ्मयाचे संकलन लूकनंतर काही शतकांनी झाले. शिवाय गुराख्यांवरील तेथील आक्षेप दुसऱ्याच्या शेतात जनावरे चारण्याच्या संशयातून आलेला आहे.

लूक स्वतः मेंढपाळांना कोठेही तिरस्कृत म्हणत नाही. बेथलेहेम ही दावीदाची नगरी आणि दावीद हा मूळचा मेंढपाळ. त्यामुळे या प्रसंगात गौरवाचाही संदर्भ आहे. मेंढपाळ साधे, श्रमजीवी होते एवढे म्हणणे पुरेसे आहे. कथेचा परिणाम वाढविण्यासाठी संपूर्ण ज्यू समाजाला निष्ठुर ठरविणे हा अभ्यासाचा दोष तर आहेच. पण ख्रिस्ती व्यासपीठावरून ज्यूद्वेषाला मिळालेल्या खतपाण्याचा इतिहास पाहता तो नैतिक दोषही ठरतो. सुवार्ता सांगण्याचे आवाहन शेजाऱ्याविषयीच्या अप्रमाणित विधानावर उभे राहू शकत नाही.

४. ऐकणाऱ्याचे स्थान

या तिन्ही प्रवृत्तींत सांगणारा केंद्रस्थानी आहे. ऐकणाऱ्याकडे दुर्लक्ष होते. लूकच्या निवेदनात ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटते. मरिया मात्र ते सारे अंतःकरणात साठवून त्यावर मनन करते. किती जणांनी विश्वास ठेवला, याची नोंद लूक करीत नाही. मेंढपाळ कोणावर दडपण आणत नाहीत, वाद घालत नाहीत आणि पुढे शुभवर्तमानात पुन्हा येतही नाहीत. जे पाहिले व ऐकले ते सांगणे एवढेच त्यांचे कार्य आहे. त्यावर काय करायचे हे ऐकणाऱ्याच्या स्वाधीन राहते. साक्षीची फलश्रुती संख्येत मोजणारी प्रवचने संहितेतील हा संयम गमावून बसतात.

निष्कर्ष

मेंढपाळांच्या प्रसंगावरील चांगल्या प्रवचनाच्या तीन कसोट्या यातून निष्पन्न होतात : सांगण्यापूर्वी पाहणे, सांगितल्यावर ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य मान्य करणे आणि त्यानंतर आपल्या कामाकडे परतणे. बीड व ल्यूथर यांची निरूपणे या कसोट्यांच्या जवळ येतात, तर 'तिरस्कृत मेंढपाळ' हे गृहीतक प्रभावी असूनही त्यांना उतरत नाही. बहुधर्मीय समाजात श्रद्धेविषयी बोलणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही परंपरेचा असो, हा संयम उपयुक्त ठरावा.