तह, तणावशैथिल्य आणि तिसऱ्याची किंमत



आजच्या विषयाचे नाव 'महासत्तांमधील तणावशैथिल्य' असे आहे. नाव भारदस्त आहे. ते ऐकले की निक्सन आणि ब्रेझनेव्ह आठवतात, मॉस्को आठवते, हेलसिंकी आठवते. मग धुळे-जळगावच्या माणसाने त्यावर काय बोलायचे? आम्ही आज जरा उलट्या बाजूने निघणार आहोत. दोन बलाढ्य सत्ता समोरासमोर उभ्या आहेत, दोघींनाही निर्णायक लढाई परवडत नाही, म्हणून त्या बोलणी करून ताण सैल करतात. हा प्रकार आपल्या खानदेशाने अठराव्या शतकात अंगावर सोसलेला आहे. तो नीट वाचला तर मॉस्कोचे करारही नीट वाचता येतील. पण आपण तो नीट वाचत नाही, ही आमची तक्रार आहे.

आधी शब्द पाहू. 'देतांत' हा मूळ फ्रेंच शब्द. ताणलेली वस्तू सैल करणे, एवढाच त्याचा अर्थ. धनुष्याची दोरी उतरवली, पण धनुष्य मोडले नाही आणि भाताही फेकून दिला नाही. त्यामुळे मराठीतला 'तणावशैथिल्य' हा शब्द उच्चारायला जड असला तरी अर्थाला इमानी आहे. त्यात मैत्री नाही, आणि शांतताही नाही. वर्तमानपत्रे मात्र दोन नेत्यांनी हात मिळवले की लगेच 'शांततेची पहाट' छापून मोकळी होतात.

आता पालखेड घ्या. फेब्रुवारी १७२८. थोरल्या बाजीरावांनी निजाम-उल-मुल्काला वैजापूरजवळ कोंडीत पकडले. त्याआधीचे सगळे फिरणे आपल्या मुलखातून झाले. बऱ्हाणपूरची हूल दाखवायची, खानदेशातून गुजरातेत उतरायचे, निजाम पुण्याकडे वळला की परत फिरून त्याला गाठायचे. दुसऱ्या महायुद्धातले सेनानी मॉन्टगोमेरी यांनीही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची तारीफ केली आहे. आपल्याकडे शाळेपासून पडद्यापर्यंत पालखेड म्हणजे घोडदौड. त्यानंतर ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला, त्याला पाठ्यपुस्तकात फार तर दोन ओळी. आणि डिसेंबर १७३२ मध्ये लातूरकडे रोहे-रामेश्वरला बाजीराव आणि निजाम समोरासमोर भेटले, ती भेट किती जणांनी ऐकली आहे?

आमच्या मते या इतिहासाचा खरा गाभा त्या भेटीत आहे. भेट म्हटली की मराठी मनाला प्रतापगड आठवतो. दग्याची शक्यता दोन्ही बाजूंना होती, तरी दोघे आले. समजूत साधारण अशी झाली: मराठे उत्तरेत माळव्याकडे सरकले तर निजामाने आडवे यायचे नाही, चौथ-सरदेशमुखी मिळत राहिली तर मराठ्यांनी निजामाच्या दख्खनेतल्या कारभाराला हात लावायचा नाही. यात प्रेम नव्हते. निजामाला मागची बाजू सुरक्षित हवी होती, बाजीरावांना पुढची वाट मोकळी हवी होती. हेच तणावशैथिल्य. २६ मे १९७२ ला मॉस्कोत क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या सह्या झाल्या, त्यांच्यामागचा हिशेबही याच जातीचा होता.

इथे कांटला बोलवू. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या मुलखात कांटचे नाव काही परके नाही. चिरशांततेवर त्याने १७९५ साली एक छोटा निबंध लिहिला. त्यातली पहिलीच अट अशी, की ज्या तहात पुढच्या युद्धाची सामग्री गुपचूप राखून ठेवली आहे, तो तह शांततेचा मानायचाच नाही. ती नुसती युद्धविश्रांती. या कसोटीवर मुंगी-शेवगाव नापास, रोहे-रामेश्वर नापास आणि मॉस्कोही नापास. निजाम १७३७ मध्ये बादशहाच्या बोलावण्यावरून दिल्लीला गेला आणि मराठ्यांवर फौज घेऊन आला. भोपाळला पुन्हा कोंडीत सापडला, आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईचा तह करून सुटला. म्हणजे रोहे-रामेश्वरची समजूत पाच वर्षे टिकली. मॉस्कोची हवाही १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हा संपली.

पण कांटची कसोटी आम्हांला थोडी निर्दय वाटते. पाच वर्षे ही काही थोडी नाहीत. पाच पेरण्या होतात. क्यूबाच्या प्रश्नावरून १९६२ मध्ये जग अणुयुद्धाच्या काठावर गेले होते, आणि १९६३ मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को थेट संपर्क सुरू झाला. चित्रपटांत लाल टेलिफोन दाखवतात. प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची यंत्रे होती. आपल्याकडे हे काम वकील करत. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला. उत्तर पेशवाईत निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. ते तिथे असूनही १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झालीच. म्हणून वकील निरुपयोगी ठरतो का? नाही. वकील लढाई कायमची टाळत नाही, पण गैरसमजातून होणारी लढाई टाळू शकतो. ज्यांच्या शेतातून फौजा जातात त्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

इथवर आम्ही तणावशैथिल्याची बाजू घेतली. आता खरी टीका.

दोन बलाढ्य सत्तांमधला ताण सैल होतो तेव्हा तो नाहीसा होत नाही. बऱ्याचदा तो तिसऱ्याच्या अंगावर जातो. मुंगी-शेवगावात हा तिसरा कोण? कोल्हापूरचे संभाजी महाराज. निजामाने त्यांचा दावा उचलून धरला होता, त्या निमित्ताने शाहू महाराजांची चौथ अडवली होती. पालखेडनंतर निजामाने शाहूंना मान्यता दिली आणि संभाजी महाराजांना पन्हाळ्याला परत जावे लागले. ज्यांच्या नावाने भांडण पेटले, त्यांच्याविषयीचा निर्णय बाकीच्या दोघांनी केला. रोहे-रामेश्वरचा तिसरा म्हणजे माळवा. आणि दोन्ही तहांतला कायमचा तिसरा म्हणजे खानदेशची रयत.

खानदेश हा दख्खनच्या सहा सुभ्यांपैकी एक. चौथ म्हणजे चौथाई, सरदेशमुखी म्हणजे आणखी एक दशांश. कागदावर ही सरकारी उत्पन्नातली वाटणी. पण गावात काय? निजामाचा अंमलदार येणार आणि मराठ्यांचा कमाविसदारही येणार. यालाच दुअंमल म्हणत. तहाने दोन सत्तांमधला वाद मिटवला आणि पाटलाच्या दारात दोन वसुल्या उभ्या केल्या. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेशचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. १७६० मध्ये उदगीरनंतर असीरगड, बऱ्हाणपूरही आले. आपण 'मुलूख मिळाला' असे वाचतो. मुलूख कोणाला मिळाला ते कळते, मुलखाला काय मिळाले ते तहनाम्यात नसते.

आता १९७१ आठवा. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला गेले. अमेरिका आणि चीन यांच्यातला वीस वर्षांचा ताण सैल होऊ लागला. राजनीतीचा उत्तम नमुना म्हणून ही भेट आजही शिकवली जाते. ती घडवणारा मध्यस्थ होता पाकिस्तानचा लष्करी हुकूमशहा, आणि त्याच वेळी त्याचे सैन्य पूर्व बंगालमध्ये कत्तल करत होते. सुमारे एक कोटी माणसे भारतात आश्रयाला आली. मध्यस्थ दुखावू नये म्हणून वॉशिंग्टनने त्याच्यावर जाहीर बोट उचलले नाही. पेकिंगच्या हस्तांदोलनाची किंमत ढाक्याने मोजली. या तणावशैथिल्याचे कौतुक करताना ही रक्कम हिशेबात धरणार की नाही?

कोणी म्हणेल, मग बोलणी करूच नयेत का? तसे आम्ही म्हणत नाही. तिसऱ्याला कागदात जागा देणारे करारही झाले आहेत. १ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकीत पस्तीस राष्ट्रांनी सह्या केल्या. सोव्हिएत युनियनला युरोपातल्या सीमा मान्य करून हव्या होत्या, त्या बदल्यात मानवी हक्कांची कलमे स्वीकारावी लागली. पुष्कळांना ती शोभेची वाटली. पण १९७६ मध्ये मॉस्कोत नागरिकांचा हेलसिंकी गट उभा राहिला, १९७७ मध्ये प्रागमध्ये 'चार्टर ७७' निघाले. तुम्हीच सही केली आहे, आता पाळा, एवढेच ही माणसे म्हणत होती. सत्तांनी एकमेकांसाठी लिहिलेला कागद प्रजेने उचलून हातात घेतला.

आपल्याकडे १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह पाहा. मुंगी-शेवगावात ज्यांच्याविषयी दुसऱ्यांनी ठरवले, तेच संभाजी महाराज इथे स्वतः पक्षकार होते. आदल्या वर्षीच्या पराभवानंतरचा हा तह, बरोबरीचा मुळीच नव्हे. तरी दोन चुलत भावांच्या राज्यांची हद्द ठरली आणि सातारा-कोल्हापूर यांच्यातले गादीचे युद्ध थांबले. ज्याच्याविषयी निर्णय आहे तो बैठकीत असला की दुबळा तहसुद्धा जास्त टिकतो, असे आम्हांला यावरून म्हणावेसे वाटते.

म्हणून तहाचे परीक्षण करताना नुसते 'कोणी काय कमावले' विचारून भागत नाही. हा ताण कोणाकडे सरकला, आणि त्याला बैठकीत जागा होती का, हे विचारले पाहिजे. हे काम दिल्लीतल्या तज्ज्ञांनीच करावे असेही नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला, एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू शेतकऱ्यांपुढे स्पेन आणि ॲबिसिनियाविषयी बोलले. खानदेशच्या माणसाला जगाचे राजकारण कळणार नाही, असे त्यांनी धरले नव्हते. आणि इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगावची दप्तरे धुंडाळत फिरले, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथेच आहे. या पत्रांच्या जगात घोडदौडीपेक्षा बोलणी, तगादे आणि वसुलीच जास्त भेटते.

१९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये संपला. नव्या बोलण्यांच्या बातम्या पुन्हा येतील, पुन्हा कोणी कोणाशी हात मिळवील. आनंद जरूर माना. दोरी सैल झाली हे चांगलेच आहे. पण त्या छायाचित्रात जो दिसत नाही, त्याचा मुलूख कोणता, हे नकाशावर शोधून पाहा. आपले पूर्वज बरीच वर्षे अशाच छायाचित्राबाहेर होते.