'नागीण', 'गुप्तरोग' आणि 'लागण' : एका परिभाषेची चिकित्सा

लैंगिक रोगांना पापपुण्याच्या कक्षेतून काढून आरोग्यशास्त्राच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मराठीत प्रामुख्याने रघुनाथ धोंडो कर्वे यांना द्यावे लागते. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले त्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९५३ साली त्यांच्या निधनापर्यंत चालले. 'गुप्तरोगांपासून बचाव' या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ही भूमिका उमटली आहे. रोगावर उपाय 'प्रायश्चित्त' नव्हे, 'बचाव' होय. तथापि शीर्षकातील पहिला शब्द कर्व्यांनाही टाळता आला नाही. 'गुप्तरोग' या समासात गुप्तता अवयवाची की रोग्याच्या लज्जेची, हे संदिग्धच राहते. हर्पीजच्या बाबतीत तर तिसराच अर्थ खरा ठरतो : येथे गुप्त राहतो तो विषाणू.

हर्पीज सिम्प्लेक्सचे दोन प्रकार कर्व्यांच्या पश्चात, १९६० च्या दशकात, वेगळे ओळखले गेले. त्यामुळे या रोगास मराठीत स्वतंत्र नाव मिळाले नाही. जे मिळाले ते 'नागीण', आणि ते वस्तुतः हर्पीज झोस्टर या निराळ्या रोगाचे नाव आहे. वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या वऱ्हाडी बोलीच्या गावी 'ण'चा 'न' होऊन ती 'नागीन' होते. तिच्या दोन्ही टोकांची गाठ पडली की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. वास्तविक झोस्टर उद्भवतो तो पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांच्या विषाणूपासून; समागमाशी त्याचा संबंध नाही. 'हर्पीज'चे भाषांतर 'नागीण' असे केले की निरपराध रोग्यावर संशय येतो आणि खऱ्या लागणीचा धोका मात्र दुर्लक्षित राहतो.

या गोंधळाचे मूळ प्राचीन आहे. 'हर्पीज' हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आणि तो संस्कृत 'सृप्' धातूचा सगोत्र आहे. आयुर्वेदातील 'विसर्प' त्याच धातूचा; 'नागीण' हे रूपकही त्याच कल्पनेचे. तिन्ही नावे डोळ्यांस दिसणाऱ्या पसरण्यावरून पडली. परंतु जोडीदारांमधील धोका दिसण्यावर अवलंबून नाही. फोड असताना तो अधिक असतो हे खरे; तथापि त्वचा निर्मळ दिसत असतानाही विषाणू बाहेर पडतो, आणि अनेक बाधितांना आपल्या बाधेची जाणीवच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकारची बाधा होती. पुरुषाकडून स्त्रीकडे ती अधिक सहज जाते. निरोधाने धोका घटतो, नाहीसा होत नाही. कारण त्याने न झाकलेल्या त्वचेतूनही संसर्ग होतो. एक जोडीदार बाधित असलेल्या १,४८४ जोडप्यांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाधित जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यास आठ महिन्यांत दुसऱ्यास लागण होण्याचे प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. पहिल्या प्रकारचा विषाणू ओठावरील फोडातून मुखमैथुनाद्वारे जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

सर्वांत गंभीर प्रश्न विभक्तिप्रत्ययाचा आणि शब्दयोगी अव्ययाचा आहे. 'तिला रोग लागला' या वाक्यात रोग हा कर्ता, व्यक्ती चतुर्थीत; दोष कोणाचाच नाही. 'नवऱ्यापासून लागला' म्हटले की उगम कळतो. 'नवऱ्याकडून लागला' म्हणताच मात्र 'कडून'मधील कर्तृत्वाची छटा आरोप बनते. फोड प्रथम आज दिसले म्हणून लागण काल झाली, असा निष्कर्ष वैद्यकास मान्य नाही. ती अनेक वर्षांपूर्वीची, विवाहापूर्वीचीही असू शकते. असे असता केवळ फोडांवरून पत्नीच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे अज्ञान होय, आणि त्याची किंमत बहुधा तिलाच मोजावी लागते.

म्हणून परिभाषा सुधारणे हे केवळ कोशकाराचे काम नव्हे. 'नागीण' झोस्टरपुरती राखावी, 'हर्पीज' हा रूढ शब्द तसाच घ्यावा, आणि 'गुप्तरोग' सोडून 'लैंगिक संसर्ग' म्हणावे. कर्व्यांनी 'बचाव' हा शब्द दिला. कशापासून, याचे नेमके नाव देणे हे त्यांच्या वारसदारांकडे राहिलेले काम आहे.