मराठी साहित्यातली हुकूमशाही

मराठीतले डिस्टोपियन साहित्य कादंबऱ्यांच्या कपाटात शोधले तर हाती फारसे लागत नाही. सर्वंकष सत्तेचे चित्र मराठीने मुख्यतः रंगभूमीवर उभे केले, तेही बहुधा जुन्या काळाच्या पोशाखात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’मधला (१९०७) कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी लगेच ओळखले. सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. पुराणकथेचा आडोसा तीन वर्षे पुरला, हेही थोडे नव्हे.

दडपशाहीचा नमुना शोधायला दूर जायची गरज नव्हतीच. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. गांधी टोपी घालणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. हुकूमशाहीवरचे एक मोठे नाटक मात्र मराठीत आले ते कन्नडमधून. गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ (१९६४) विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले.

तेंडुलकरांचे स्वतःचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. अपमानाने पेटलेला घाशीराम पोटची मुलगी नाना फडणवीसाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. मग रात्री बाहेर पडायला परवाना लागतो, संशयिताच्या हातावर तापलेला गोळा ठेवला जातो. ऑर्वेलच्या ‘१९८४’मधल्या (१९४९) सत्तेचा चेहरा फक्त भित्तिपत्रकांवर आणि पडद्यांवर दिसतो, इथे तिला हाडामांसाचा माणूस, नाव आणि खाजगी सूड आहे. नाना मात्र नामानिराळा राहतो आणि लोक खवळले की त्याच घाशीरामाच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो. हुकूमशहा घडवणारा आणि त्याला मोडीत काढणारा हात एकच, हे तेंडुलकरांचे निदान ऑर्वेलपेक्षा भारतीय राजकारणाला अधिक लागू पडते. रंगमंचावर माणसांची भिंत करून उभे असलेले पुणेकरही त्यातून सुटत नाहीत. नाटकावरच्या वादात ते सादर करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेने प्रयोग थांबवले. पुढे थिएटर अकॅडमीने ते उचलले.

विचारांवरचा पहारा गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळे’त (१९७४) अधिक बारकाईने येतो. विद्यापीठाची चौकशी समिती एका डाव्या प्राध्यापकाला प्रश्न विचारत बसते. मारझोड नाही, तुरुंग नाही. सभ्य भाषेतल्या विचारपुशीत त्याचे खाजगी आयुष्यही ओढले जाते. मराठीतला हा सर्वांत थंड आणि म्हणूनच सर्वांत भेदक छळ.

आणीबाणीने मात्र कल्पितापेक्षा साक्षच जास्त दिली. विनय हर्डीकरांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ला (१९७८) राज्य शासनाने पुरस्कार दिला आणि परत घेतला. विज्ञानकथेची वाट वेगळी राहिली. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानवाचा धोका आहे, पण यंत्र वापरणाऱ्या राजवटीचा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. विज्ञानाच्या प्रसाराची जबाबदारी अंगावर घेतलेल्या या प्रकाराला राज्यसंस्थेवर संशय घेणे फारसे जमले नाही.

अपवाद विलास सारंगांचा. ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) या कादंबरीतला भारतीय प्राध्यापक इराकमधल्या बसऱ्यात शिकवतो. सारंगांनी स्वतः तिथे अध्यापन केले होते, त्यामुळे परक्या राजवटीतले दबलेले जगणे त्यांना ऐकीव माहितीवर रचावे लागले नाही. काल्पनिक भविष्य त्यांनीही टाळले. भूतकाळाऐवजी त्यांनी फक्त परदेश निवडला.