निळ्या जिलेटिनचे तळे

गेल्या डिसेंबरमध्ये सोलापुरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, मानवी हृदय ही नेहमीची मंडळी हजर होतीच. एक प्रतिकृती मात्र वेगळी होती. नववीच्या पाच विद्यार्थ्यांनी बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या जागी 'तळ्याकाठचे शाश्वत व्यापारसंकुल' उभे केले होते. पुठ्ठ्याच्या सात मजली इमारतींना चकचकीत कागदाच्या काचा, छपरावर सौरपट्ट्या, भोवती हिरवळ आणि समोर निळ्या जिलेटिन कागदाचे तळे. मांडणी सुबक होती आणि मुले न अडखळता बोलत होती. आम्ही या प्रतिकृतीला दुसरा क्रमांक दिला. पहिला का नाही, असे मार्गदर्शक बाईंनी नंतर विचारले. बक्षीस समारंभाच्या गडबडीत आम्हांला नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देत आहोत. समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते. प्रतिकृतीची व्हायलाही हरकत नसावी.

आधी मुलांच्या बाजूने बोलू. विषय त्यांनी घरातून उचलला होता. पाचांपैकी दोघांचे आजोबा गिरणीत होते आणि दोघांचे थोरले भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेलेले. गिरणीची जागा पुन्हा कामाला लागली तर भाऊ परत येतील, इतका साधा हिशेब या पुठ्ठ्याच्या मागे होता. आमचे वडीलही सोलापुरातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला या हिशेबाची थट्टा करता येत नाही.

अडचण तळ्यापासून सुरू होते. "या तळ्यात पाणी कोठून येते?" असे आम्ही विचारले. "पावसाचे, सर," असे उत्तर आले. सोलापूरचा वार्षिक पाऊस साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर. उघड्या पाण्यावरून येथे वर्षभरात होऊ शकणारे बाष्पीभवन याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे केवळ स्वतःवर पडणाऱ्या पावसावर जगणारे तळे येथे टिकणार नाही, मार्च-एप्रिलपर्यंत त्याचा तळ दिसेल. तळे जगते ते पाणलोटावर. सिद्धेश्वर तलाव असो, कंबर तलाव असो, की १८७१ मध्ये पुरे झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव असो, प्रत्येकामागे उताराची, ओढ्यांची मोठी जमीन आहे. प्रतिकृतीत तळे होते. पाणलोट टेबलाच्या कडेला संपला होता.

हे चित्र मुलांनी कोठून घेतले हे ओळखणे कठीण नाही. काचेच्या इमारती आणि समोर संथ पाणी हे दृश्य लंडनच्या जुन्या गोद्यांचे आहे. तेथील गोद्या बंद पडल्यावर १९८१ मध्ये पुनर्विकासासाठी खास महामंडळ नेमले गेले आणि वेस्ट इंडिया गोदीवर कॅनरी व्हार्फ हे कचेऱ्यांचे नगर उभे राहिले. गंमत अशी की लंडनचा पाऊस सोलापूरपेक्षा कमी, सुमारे सहाशे मिलिमीटर. पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो, बाष्पीभवन बेताचे, आणि उशाला थेम्स नदी. आपल्याकडे तोच पाऊस मुख्यतः चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. वार्षिक सरासरी हा एकच आकडा पाठ करून घेण्यातला धोका दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

छपरावरच्या पावसाचा हिशेबही वर्गात करण्यासारखा आहे. एक हेक्टर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर ५,६०० घनमीटर, म्हणजे ५६ लाख लिटर पाणी मिळते. संकुलात हजार माणसे कामाला आली आणि माणशी रोज ४५ लिटर धरले, तर तीनशे दिवसांना १ कोटी ३५ लाख लिटर लागतात. फार तर चाळीस टक्के गरज भागली. तीही पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवले तर. त्या टाकीची जागा प्रतिकृतीत नव्हती. फलकावर मात्र 'पाण्याबाबत स्वयंपूर्ण' असे लिहिले होते आणि त्याखाली 'दहा हजार रोजगार'. दोन्ही वाक्ये एकाच फलकावर बसत नाहीत. भीमेचे पाणी उजनीपासून शंभराहून अधिक किलोमीटर नळातून आणणाऱ्या शहरात हे मुलांच्या लक्षात आणून द्यायलाच हवे होते.

खरे तर गिरणी आणि पाणी यांचे नाते या मुलांना फार वेगळ्या रीतीने सांगता आले असते. वाफेच्या इंजिनाला जितके उष्णतेचे, तितकेच थंडाव्याचेही स्थान लागते. वापरून झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले तर इंजिनाचे काम वाढते आणि कोळसा वाचतो. म्हणून जुन्या गिरण्यांच्या आवारात तलाव असत, मुंबईच्या गिरणगावातही होते. शिवाय कोरड्या हवेत सूत तुटते, त्यामुळे विणकाम खात्यात दमटपणा राखावा लागे. तळे हे गिरणीचे एक यंत्रच होते. मुलांच्या प्रतिकृतीत ते शोभेचे झाले आहे.

काचेबद्दल थोडक्यात. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाणाऱ्या गावात काचेची भिंत म्हणजे वातानुकूलन यंत्रांना दिलेले कायमचे काम. छपरावरच्या पट्ट्यांची वीज त्यातच खर्ची पडेल. (त्या पट्ट्यांची तोंडे पूर्वेला होती, पण टेबल तसे लावले होते, म्हणून गुण कापले नाहीत.) उलट गिरणीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता उशिरा आत सोडतात. त्या पाडून सिमेंटच्या नव्या इमारती बांधायच्या, तर प्रत्येक टन सिमेंटमागे पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुन्यात बांधलेली वीट मात्र सोडवून पुन्हा वापरता येते. मुलांनी गिरणीची एकही भिंत ठेवली नव्हती. "धुराडे कुठे गेले?" या प्रश्नावर एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, ते प्रदूषण करत होते ना, म्हणून पाडलं." धूर भट्टीचा, धुराडे नुसता वाहक, हा फरक तिला सांगायचा राहून गेला.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप हिरवळीला आहे, कारण तिच्याखाली काय आहे हे कोणी विचारले नाही. गिरणीत रंगखाते असे, बॉयलरची राख टाकली जाई, यंत्रांचे तेल गळे. कापडाच्या रंगांपैकी काहींपासून कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. १९९० च्या दशकात भारत सरकारने अशा ११२ रंगांवर बंदी घातली. त्याआधीची शंभर वर्षे आवारातल्या मातीत काय मुरले असेल, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आपली काळी माती चिकणमातीची. तिचे कण धातू आणि रंग धरून ठेवतात, हे बरे. पण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या वाटेने थेट खाली जाते. वर हिरवळ लावली आणि पाणी जिरवण्याचे खड्डे घेतले, तर विष विहिरींकडे ढकलण्याची सोय आपणच केली असे होऊ शकते. 'जलपुनर्भरण' हा शब्द सगळीकडे पुण्यकारक नसतो.

जर्मनीत ड्युइसबुर्ग येथे १९८५ मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचे १९९० च्या दशकात उद्यान झाले. तेथे सुरुवात मातीपासून केली गेली. फार दूषित माती बंदिस्त कोठारांत ठेवली, सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातले आणि उघड्या कालव्यात फक्त पावसाचे पाणी सोडले. भट्ट्या पाडल्या नाहीत. मुंबईचे उदाहरण उलटे आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळ्या जागांसाठी, घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गणितात छेद बदलला की उत्तर कसे आक्रसते, ते परळला जाऊन पाहावे.

सोलापूरला तर स्वतःचाच दाखला आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली. तेव्हा केंद्र सरकारने १९५० मध्ये केवळ या एका गिरणीसाठी कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. कापडाचा पुरवठा आणि कामगारांची बेकारी ही कारणे त्यासाठी दिली गेली. त्यावरचा चिरंजीतलाल चौधरी खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. गिरणीच्या जागेचे काय करायचे हा प्रश्न एका मालकाचा नाही, हे या गावात पूर्वीच बोलले गेले आहे. नववीच्या मुलांना ते कोणी सांगितले नाही, हा दोष मुलांचा नव्हे.

बाईंना हे सारे पत्राने कळवले, तेव्हा त्यांनी विचारले की गिरणीच्या इमारतीत ठेवण्यासारखे मुलांना नेमके काय दाखवू. आम्ही करवती छपराचे नाव सुचवले. विणकाम खात्यावरच्या या छपराच्या काचा उत्तरेकडे असत, म्हणजे थेट ऊन न येता सारखा उजेड मिळे. पण ही युक्ती लँकेशायरची, ५३ अंश अक्षांशावरची. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर. येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि नेमक्या कडक उन्हाळ्यात ऊन त्या काचांतून आत शिरते. हे पडताळायला गिरणीही लागत नाही, मैदानात उभी काठी पुरते: मेमध्ये एके दिवशी दुपारी तिची सावली नाहीशी होते आणि त्यानंतर दक्षिणेला पडू लागते. तेव्हा शाळेला सुट्टी असते. तरी पाचांपैकी तिघे जण येतील असे बाईंनी कळवले आहे. काठी आम्ही नेणार आहोत.